टर्बोआधी इंजेक्टर बघ

मित्रा, स्टॉक, म्हणजे कारखान्यातूनच आलेल्या इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांवर) टर्बो बसवायचा म्हणतोस? विसर. १९९२-९५ च्या होंडा सिव्हिकमधल्या डी१६झेड६ इंजिनाचे इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला साधारण २४० सीसी पेट्रोल देतात. ८० टक्के ड्यूटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून टर्बोचा हिशेब मांड, जेमतेम १२५ हॉर्सपॉवर निघतात. तेवढी ताकद ते इंजिन कारखान्यातूनच घेऊन येतं! बूस्टसाठी, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या जादा हवेसाठी, पेट्रोल शिल्लक काय राहिलं?

मित्सुबिशी एक्लिप्स टर्बोचे जुने ४५० सीसी इंजेक्टर स्वस्तात पडतात, पण ते लो-इम्पीडन्स, म्हणजे कमी विद्युत रोधाचे, जास्त करंट ओढणारे. करंट आवरणारा रेझिस्टर बॉक्स नसेल तर ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) इंजेक्टर चालवणारे ड्रायव्हर सर्किट जळू शकतात. पेट्रोल पंप ताशी २५५ लिटरचा टाक, तो काही फार महाग नाही. ट्यूनिंग आणि वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरवर) मात्र काटकसर नको. बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) की डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित भडका सुरू, मग पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांमधल्या कडा) तुटतात. टर्बो महिनाभर थांबला तरी चालेल.