रशियाची आइस हॉकी प्लेअर ओल्गा सोसिना हिने ऑलिम्पिक मेडल जिंकलंय का?

नाही, ऑलिम्पिक मेडल एकदाही नाही, आणि ते सुद्धा ती 2010, 2014, 2018 आणि 2022 अशा चार ऑलिम्पिक खेळून. सगळ्यात जवळ गेली ती 2018 ला प्योंगचांगमध्ये, ब्राँझच्या मॅचला तिची टीम फिनलंडकडून 3-2 ने हरली आणि चौथ्या नंबरवर राहिली, एका गोलने गेलं हो. 2022 ला बीजिंगमध्ये क्वार्टर फायनललाच स्वित्झर्लंडने घरी पाठवलं. तुम्ही कुठेतरी ‘ब्राँझ मेडलिस्ट’ वाचलं असेल तर ते वर्ल्ड चॅम्पियनशिपचं, 2013 आणि 2016 चं, दोन्ही वेळा ब्राँझच्या मॅचला समोर फिनलंडच होतं. मी या मॅचेस आणि स्कोअर बऱ्याच वर्षांपासून फॉलो करतो म्हणून सांगतोय. फक्त एक आहे, जुन्या याद्यांमध्ये 2014 सोचीला रशिया सहावी दिसेल, पण डोपिंग प्रकरणात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने (आयओसी) डिसेंबर 2017 मध्ये त्या टीमचा निकालच रद्द केला, त्यामुळे तो नंबर धरू नका.