पुण्याचं ऊन सोसणाऱ्या आई-बाबांना एप्रिलमधलं अंगकोर वाट झेपेल का?

आई-बाबांना घेऊन एप्रिलमध्ये कंबोडियातलं अंगकोर वाटचं प्राचीन देऊळ बघायचा बेत तुम्ही कळवलात. झेपेल, पण तुम्ही आखलेल्या बेताने नाही. तुम्ही लिहिलंय की पुण्यात एप्रिलला पारा ३८-४० ला टेकतोच, अंगकोरजवळच्या सिएम रीप गावात तर ३५-३६ दिसतोय, मग काळजी कशाला. फसगत नेमकी तिथेच होते. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते. दुपारी कितीही तापलं तरी घाम वाळतो आणि पहाटेपर्यंत पारा वीस-बावीसवर येतो. सिएम रीप जवळपास समुद्रसपाटीला, शेजारी तोन्ले सापचं अवाढव्य तळं. एप्रिलमध्ये तिथली रात्रही २५-२६ च्या खाली फारशी जात नाही आणि घाम अंगावरच राहतो. म्हणून तुलना कोथरूडच्या दुपारशी नको, मे महिन्यातल्या चिपळूणशी करा. दिवसाचा शीण रात्री उतरला नाही, की वयस्कर माणसं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून जातात.

कंबोडियात नोव्हेंबर ते एप्रिल हा सगळाच कोरडा हंगाम म्हणतात, पण त्याचे दोन अगदी वेगळे भाग आहेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळ-संध्याकाळ सुखाची असते. मार्चपासून काहिली सुरू होते, एप्रिल सगळ्यात कडक, आणि महिनाअखेरीस आपल्या वळवासारख्या सरी येऊ लागतात. रजा पुढे ढकलता येत असेल तर जानेवारीत जा, असं मी कळकळीने सांगेन.

एप्रिलच हवा असेल तर आधी १३ ते १६ तारखा टाळा. तेव्हा ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नववर्ष असतं. गावोगावचे लोक घरी परततात, गाड्या भरतात, बरीच दुकानं बंद राहतात आणि सिएम रीपमध्ये तुफान गर्दी होते.

मग दिवस उलटा लावा. अंगकोर वाट पहाटे पाचला उघडतं. सगळे पश्चिमेच्या दारापाशी सूर्योदयाला थांबतात. त्या बाजूला खंदकावरचा रस्ता आणि आतला दगडी मार्ग मिळून अर्ध्या किलोमीटरच्या वर चाल आहे, सावलीचं नाव नाही. तुम्ही पूर्वेच्या दाराने जा. तिकडे झाडीतली पायवाट आहे, गर्दीही कमी. आत गेल्यावर सकाळीच पश्चिमेच्या ओवऱ्या बघून घ्या, कारण ऊन तेव्हा मागच्या बाजूला असतं. एकीकडे कुरुक्षेत्र, दुसरीकडे लंकेचं युद्ध, भिंतभर कोरलेलं. आई-बाबांना ते कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही, माणसामाणसापाशी थांबून ओळखत बसतील. पश्चिमेच्या गोपुरात अष्टभुजा विष्णूची मोठी मूर्ती आहे, तिची आजही पूजा होते. आई सवयीने चपला काढेल, तर बाहेर उन्हात येण्याआधी घालायला लावा. तिथले दगड दहानंतर पाय ठेवू देत नाहीत. सगळ्यात वरच्या गाभाऱ्याचा जिना फार उभा आहे. गुडघे दुखत असतील तर तो सोडून दिलेला बरा. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घाला. तसा नियमही आहे आणि उन्हातही तेच बरे पडतात.

साडेदहाच्या आत खोलीवर परत. दुपार पंख्याखाली किंवा अंगकोर राष्ट्रीय संग्रहालयात घालवा, ते वातानुकूलित आहे. चारनंतर ता प्रोम किंवा प्रेआ खान ही अंगकोरमधलीच दुसरी देवळं, दोन्हीकडे मोठ्या झाडांची सावली आहे. एका दिवसात पाच-सहा देवळं दाखवणारं पॅकेज घेऊ नका. अंगकोरची देवळं बघायचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा आहे, एका दिवसाचा ३७ चा. तीन दिवस सलगच वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत केव्हाही चालतात. त्यामुळे मधे एक दिवस नुसता आराम ठेवता येतो. आई-बाबांसोबत मी तरी तो ठेवतेच. टुकटुक मोकळी हवा देते, पण या दिवसांत तुम्हाला एसी गाडीच लागेल.

तोन्ले सापवरच्या उंच खांबांच्या घरांची गावं एप्रिलच्या यादीतून काढा. पावसाळ्यात तळं पाचपट-सहापट पसरतं, एप्रिलपर्यंत पार आटतं. घरं खांबांवर उंच लटकलेली आणि खाली गाळ. नाव पुढे ढकलायलाही पाणी पुरत नाही, आणि वाटेवरचा तांबडा धुरळा नाकातोंडात जातो तो वेगळाच.

बँकॉकहून रस्त्याने जायचा विचार करू नका. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली आणि रस्त्याची ठाणी बंद केली गेली. विमानानेच जा, आणि तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. नवा विमानतळ गावापासून लांब आहे, तासभर हाताशी ठेवा.

औषधांचं तेवढं विसरू नका. बाबांना बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर इतक्या घामात तिचं काय करायचं आणि ओआरएस किती द्यायचं, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. नारळपाणी तिथे जागोजागी मिळतं, पण किडनीचा त्रास असेल तर तेही विचारूनच.