वाचक विचारतात : सौर पॅनेल बसवण्याआधी

प्रश्न : आमच्या संस्थेच्या वसतिगृहात चाळीस विद्यार्थी राहतात. वसतिगृह पर्यावरणपूरक करावे असा ठराव विश्वस्त मंडळाने केला असून एका देणगीदाराने गच्चीवर वीजनिर्मितीचे सौर पॅनेल बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. विद्यार्थ्यांना मात्र कशाचीच फिकीर नाही. दिवे, पंखे आणि नळ चालूच राहतात. सुरुवात पॅनेलपासून करावी की विद्यार्थ्यांच्या सवयींपासून?
— एक वसतिगृह अधीक्षक

उत्तर : माझ्या मते दोन्हींपासून नको. वसतिगृहातली माणसे दरवर्षी बदलतात, त्यामुळे या वर्षी लावलेली सवय पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. म्हणून जे काम कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही ते आधी हाती घ्यावे. पॅनेल त्या कसोटीला उतरतात हे खरे, परंतु वाया जाणारी वीज तशीच ठेवून त्यांचा आकार ठरवला, तर त्या गळतीसाठीही पॅनेल विकत घेतल्यासारखे होते. देणगीदारांना दोन-तीन महिने थांबण्याची विनंती करावी आणि तेवढ्या काळात विजेच्या व पाण्याच्या मीटरवरचे आकडे रोज ठरावीक वेळी वहीत उतरवून घ्यावेत.

ही नोंद ठेवू लागलात की बहुधा आंघोळीच्या गरम पाण्याकडे बोट जाईल. वीस लिटर पाणी पंचवीस अंश सेल्सिअसने तापवायला साधारण 0.58 युनिट वीज लागते, आणि तेवढ्या विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा साठ तासांहून अधिक काळ जळतो. चाळीस विद्यार्थ्यांनी रोज एकेक बादली गरम पाणी घेतले तरी तेवीस युनिट झाले, आणि टाकीतून व नळ्यांतून निसटणारी उष्णता त्यात धरलेलीच नाही. दिवा चालू राहिला म्हणून विद्यार्थ्याला बोल लावणे सोपे असते, कारण दिवा डोळ्यांना दिसतो. भिंतीआडच्या नळीतून जाणारी उष्णता कुणाला दिसत नाही.

त्या नळीचाच हिशेब पाहा. गरम पाण्याची टाकी एका टोकाला आणि स्नानगृहे दुसऱ्या टोकाला असतील, मधली नळी तीस मीटर लांब आणि आतून पंचवीस मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिच्यात सुमारे पंधरा लिटर पाणी मावते. रात्रभर थंड झालेले हे पाणी सकाळी पहिला विद्यार्थी नळ सोडून वाहू देतो, आणि मधे बराच खंड पडला की पुढचाही तेच करतो. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही, कारण गरम पाणी येईपर्यंत वाट पाहण्यावाचून त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. टाकी स्नानगृहांजवळ आणणे, नळीवर उष्णतारोधक वेष्टन चढवणे, आणि तोवर ते पहिले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरणे, ही तिन्ही कामे सामान्य प्लंबरच्या आवाक्यातली आहेत.

पाणी तापवण्यासाठी ऊन वापरायचे असेल, तर सौर उष्णजल संयंत्राचा विचार वीजनिर्मितीच्या पॅनेलआधी करावा. चांगल्या पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी साधारण पाचवा हिस्सा विजेत उतरतो, तर चांगले उष्णजल संयंत्र निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात उतरवते, त्यामुळे गच्चीवरची जागा कमी लागते. गच्ची लहान असेल किंवा ढगाळ दिवस फार असतील, तर उष्मापंप पाहावा. तो भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेत असल्याने एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता देतो. मात्र बचतीच्या भरात साठवणीच्या टाकीचे तापमान चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणू नका. अशा कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि पाण्याच्या तुषारांवाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया घडवतात. साठा साठ अंशांवर ठेवावा आणि भाजू नये म्हणून नळाजवळ थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा.

थंड पाण्याची गळती शोधायला यंत्र लागत नाही. सगळे झोपल्यावर मीटर वाचा आणि पहाटे कुणी उठण्याआधी पुन्हा वाचा. शौचालयाच्या फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे ती वापरू नका. भांड्यात रंग उतरला, तर आतले रबर झिजले आहे असे समजावे. अशी एक टाकी आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवू शकते, आणि ते रबर किरकोळ किमतीला मिळते. जुने पंखे साधारण पंचाहत्तर वॅटचे असतात, नवे ब्रशविरहित मोटरचे तीसच्या आसपास. जुना बिघडेल तसतसा नवा बसवत जावे.

स्वयंपाकघराच्या बाबतीत उरलेल्या अन्नाची विल्हेवाट कशी लावायची हे ठरवण्याआधी उष्टे किती उरते ते आठवडाभर वजन करून पाहावे. मोठ्या डावाऐवजी लहान डाव ठेवला आणि पुन्हा वाढून घेण्याची मुभा दिली, तर पानातले बरेचसे टाकणे थांबते. उरलेल्यासाठी बायोगॅस संयंत्र आकर्षक वाटते, परंतु त्यातल्या जिवाणूंना रोज खाद्य लागते आणि वसतिगृहाला लांब सुट्ट्या असतात; सुट्टीनंतर संयंत्र पूर्वपदावर यायला वेळ जातो. त्यामुळे तुम्हाला मी खताचा हौद सुचवीन. ओल्या कचऱ्याइतका किंवा त्याहून जास्त सुका पाला घालावा आणि मूठभर मिश्रण दाबून पाहावे : हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. दुर्गंधी आली, तर पाला वाढवून ढीग परतावा. हे काम पाळीपाळीने विद्यार्थ्यांवर न सोपवता एका माणसाला मोबदला देऊन सोपवावे, अन्यथा परीक्षांच्या दिवसांत हौदाकडे कुणी फिरकत नाही.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात खोलीत पाणी तापवण्याचा रॉड सापडला की दंड होतो, तरी रॉड वापरले जातातच. दंड वाढवावा का?
— एक विद्यार्थी प्रतिनिधी

उत्तर : दंड वाढवून रॉड फक्त अधिक नीट लपवले जातील. दीड हजार वॅटचे रॉड एकाच वेळी अनेक खोल्यांत लागले, तर तारा तापून आग लागण्याचा धोका असतो, त्यामुळे बंदी योग्यच आहे. परंतु रॉड कोणत्या वेळी लागतात याची आधी चौकशी करावी. बहुधा संध्याकाळी गरम पाणी बंद असते किंवा शेवटच्या खोल्यांपर्यंत ते कोमटच पोहोचते. तसे असेल, तर प्रत्येक मजल्यावर तापमान आपोआप राखणारे, चांगल्या वेष्टनाचे एक सामायिक पाणी तापक ठेवण्याची मागणी संस्थेकडे करावी. त्याची तार व फ्यूज त्या भाराला पुरेशी आहे का, हे बसवण्याआधी वायरमनकडून तपासून घ्यावे.