टायगर कुणाचा?

केरी, सत्तरी

प्रिय बाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोटं आपटत बसण्यापेक्षा मला कागद बरा पडतो, म्हणून हे पत्र. ते वसरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस तरी हरकत नाही. शेवटचं पान तेवढं तुझ्यापुरतं ठेव.

तू लिहिलंस, ‘बाई, इथे माणसं सगळी चांगली आहेत, पण कुठलंच काम वेळेवर होत नाही आणि झालं नाही की बोलणी भलत्यालाच बसतात.’ अगे, माणसं चांगली आहेत म्हणूनच होत नाही! एकमेकांवर विश्वास नसलेल्या घरात जो तो आपल्यापुरतं तरी बघतो. तुमच्यासारख्या घरात प्रत्येकाची खात्री असते की दुसऱ्याने केलंच असेल.

तुमच्या टायगर कुत्र्याचंच घे. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की सासरे त्याला उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा घालतात. दहाला पेजेतलं शीत काकी घालतात, दुपारी हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, कालवलेलं शीत धाकटी जाऊ, रात्री थोरले दीर आपल्या ताटातलं. पोरांची बिस्किटं वेगळीच. आणि त्याला रेबीजची लस कधी दिली म्हणून तू विचारलंस, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला तुमच्या घराबद्दल आणखी काही सांगायला नको. कुत्र्याला घास घालताना माया दिसते, म्हणून घास घालायला रांग लागते. लस टोचून आणणं, कानातल्या गोचिडी काढणं, पावसात त्याने वसरीवर केलेली घाण धुणं, यात माया दिसत नाही. ती कामं मग कुणाच्याच नावावर नसतात.

माझं सांगणं एवढंच आहे की घरात जे जे सगळ्यांचं म्हणून आहे, त्या प्रत्येकावर एका माणसाचं नाव घाला. काम त्यानेच करायला हवं असं नाही. ते झालं की नाही हे त्याला विचारायचं आणि उत्तर त्याने द्यायचं.

टायगरवर मात्र तुझं नाव घालू देऊ नकोस. नव्या सुनेने एखादी गोष्ट सुचवली की ‘मग तूच बघ हां’ म्हणून ती तिच्याच गळ्यात घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुमच्यात पिकअप धाकट्या दिरांकडे आहे. कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं तर गाडी लागते, तेव्हा नाव त्यांचंच बरं. हे तू सांगू नकोस, सासूबाईंच्या तोंडून येऊ दे. लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, आणि पुढे दर वर्षी. 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची पिवळ्या शर्टातली माणसं गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर जाळी घेऊन फिरतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लस टोचतात, शाळांत जाऊन मुलांना शिकवतात. ती तुमच्या वाड्यावर आली तर उत्तमच. नाही आली तर सरकारी गुरांचा दवाखाना आहे. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. आणि पैसे? सुपारीच्या पैशांतून घरखर्च चालतो, पगारातून गॅस आणि विजेचं बिल जातं, कुत्र्याचा खर्च कुठल्याच खात्यात बसत नाही. बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवा, महिन्याला प्रत्येक कमावत्याने थोडे थोडे टाकायचे. हिशेब दिरांकडे.

एक राहिलं. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतीच्या, कडेची घरं ती, अंधार पडला की टायगरला आत घ्या. बिबट्या येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच येतो.

आता मुलांचं. कुणी चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं फार लांब वाटतात आणि आजीच्या हातात हळद तयार असते. हळद नको, चुना नको, मिरचीपूड तर नकोच. मग त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. ‘आपलाच कुत्रा आहे, त्याला लस दिलीय’ हा निवाडा आपण करायचा नाही, डॉक्टरांना करू द्यायचा. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगाला औषध नाही.

पण हे सगळं कळायला आधी पोराने सांगायला तर हवं! आमच्या वाड्यावर एका मुलाला मांजराच्या पिल्लाने पोटरीवर चांगलंच ओरखडलं होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि त्याने एकालाही सांगितलं नाही. सांगितलं तर पिल्लू बाजारात सोडून येतील ही एक भीती, आणि दहा जण दहा तऱ्हांनी ओरडतील ही दुसरी. आजोबांनी न्हाणीत त्याला अंघोळ घालताना पाहिलं म्हणून कळलं. इंजेक्शनं झाली, पोर धडधाकट आहे. माझ्या मनात राहिलं ते त्याचं गप्प बसणं. वर्गातही मी हेच बघत आले. ज्याच्या घरी ओरडणारी माणसं जास्त, ते मूल लपवण्यात पटाईत.

तुझी लेक लहान आहे. काकी तिला ताटात टाकलं म्हणून रागावते, आजी मोठ्याने बोलली म्हणून, थोरल्या जाऊबाई दोन्हींसाठी, असं तू लिहितेस. तुला वाईट वाटतं ते बरोबर, पण घरातल्या माणसांनी मुलाला अजिबात बोलायचं नाही असा नेम लावायला जाऊ नकोस, तो टिकणार नाही. विहिरीकडे धावणाऱ्या मुलावर जो जवळ असेल त्याने ओरडायलाच हवं. एवढं मात्र मागून घे की शिक्षा आई किंवा बाप देईल, दुसरं कुणी नाही. आणि प्रत्येक मुलामागे एक असं माणूस ठरवा की ज्याला काहीही सांगितलं तरी त्या दिवशी ओरडा पडत नाही. ते आईच असायला हवं असंही नाही. बहुतेक घरांत ते लग्न न झालेली आत्या किंवा आजोबा असतात. मुलांना ते आधीच ठाऊक असतं, मोठ्यांनी फक्त मान्य करायचं असतं.

टायगर जेवताना त्याच्या जवळ कुठल्याच मुलाने जायचं नाही, आणि तो गुरगुरला तर त्याला मारायचं नाही. गुरगुरणं ही त्याने दिलेली नोटीस आहे. नोटीस दिल्याबद्दल मार बसला तर पुढच्या खेपेला तो न देताच चावेल.

सगळ्यात जपायची वेळ दुपारची, जेवणानंतरची. गोव्यात दुपारी दोन ते चार कोण जागं असतं? फोंड्यातली दुकानंही फळी ओढून घेतात. घरात पंधरा माणसं आहेत या भरवशावर त्या दोन तासांत कुणीच जागं नसतं. जागी असतात ती पोरं, कुत्रा आणि मांजरं. विहिरीचा कठडा आहे, कुळागरातलं पाण्याचं टाकं आहे, सासऱ्यांच्या गोळ्यांची पेटी उशाशी उघडी आहे. म्हणून त्या वेळेला रोज एकाचं नाव. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहा. पुरुषांचीही नावं लिहा. कुळागरातून दमून येतात हे मला ठाऊक आहे, रांधून वाढून बायकाही दमतात. पाळी नसेल त्या दिवशी तू मात्र दार लोटून खुशाल झोप. ‘मला माझा म्हणून क्षण मिळत नाही’ असं जे तू लिहिलंस, त्यावर माझ्याकडे एवढंच औषध आहे. दुसऱ्या कुणाचं नाव भिंतीवर असल्याशिवाय आईला झोप लागत नाही.

उवा आणि जंत यांचा निकाल मात्र एकाच दिवशी लावायचा, सगळ्या डोक्यांचा. एका पोरीच्या केसांतल्या काढल्या आणि तिला परत चुलत बहिणींच्या रांगेत झोपवलं तर काय उपयोग? शाळेत 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला जंताची गोळी देतात, तेव्हाच टायगरच्या वर्षातल्या दोन खेपांचीही आठवण ठेवली तर त्या चुकत नाहीत.

मांजरांबद्दल लिहायला घेतलं तर हे पत्र संपणार नाही, आणि तुमच्याकडची मोजदाद कुणाकडेच नाही म्हणतेस! पण श्रावणाचं लिहायलाच हवं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, नुस्तें म्हणजे मासळी महाग. ते उघडतं न उघडतं तोच तुमच्याकडे श्रावण, म्हणजे घरात कांदासुद्धा नाही. मग मांजरांना दूधभात, आणि वर ‘बघा, तीसुद्धा श्रावण पाळतात’ म्हणून कौतुक. मांजराला तो धर्म झेपत नाही गे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीराला हवं तेवढं तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. दीर्घकाळ मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे भारी खारट, ते तसेच घालू नका. परसात वेगळी चूल, वेगळं मडकं, आणि मीठ न घालता उकडलेली मासळी. तेही सासूबाईंना नको असेल तर बाजारात मांजराचं तयार खाणं मिळतं, तेही परसातच. जबाबदारी तुझ्या नववीतल्या पुतण्याला द्या, त्याला हवी आहे असं तुझ्याच लिहिण्यावरून दिसतं. माद्यांच्या शस्त्रक्रियेचं दिरांच्या यादीत घाला, दरवर्षी पिल्लं पोत्यात घालून बाजारात सोडायचा तो प्रकार मला बघवत नाही. आणि घरातलं ताप आल्यावर घ्यायचं पॅरासिटामॉल मांजराला कधीच द्यायचं नाही, एका गोळीने जीव जातो. पोपटाचं पिल्लू हवं म्हणून पोरं हट्ट करतायत त्याला सरळ नाही म्हणायचं. आपल्याकडचे पोपट पाळायला 1972 चा वन्यजीव कायदा परवानगी देत नाही.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की घर दुप्पट होईल. मुंबईची, पुण्याची माणसं येतील, त्यांची पोरं टायगरला ओळखत नाहीत आणि तो त्यांना ओळखत नाही. पहिल्या दिवशी त्याला आतल्या खोलीत ठेवा, गर्दी निवळल्यावर एकेकाची ओळख करून द्या. आरती झाली की फटाके लागतात, त्या वेळीही दार बंद. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा, घाबरलेला कुत्रा पळत सुटला की दुसऱ्या गावात सापडतो. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्रीही तेच. गणपतीवर टांगतो त्या माटोळीला बांधलेली कवंडळं, ती रानफळं, लालचुटूक दिसतात, पण ती खाण्याची नव्हेत, तेव्हा सुटून पडलेलं फळ रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका.

इथून पुढचं तुझ्यापुरतं.

दिरांना कसल्यातरी कागदावर तुझी सही हवी आहे, असं तू एका ओळीत उरकलंस. तुझी सही का लागते ते आधी समजून घे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून, 1867 च्या नागरी कायद्यापासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत निम्मे निम्मे असतात, आणि स्थावर विकायची तर दोघांची संमती लागते. मुलगा-मुलगी सारखेच वारस. म्हापशाला दिलेल्या तुझ्या नणंदेचंही म्हणूनच त्या घराशी नातं आहे. निम्मी मालमत्ता वारसांची राखीव, ती मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही. कायदा मला फार चांगला वाटतो, पण त्याच्यामुळे एकेका घराला इतके मालक होतात की पावसाआधी छपराचे नळे परतायला एकही पुढे येत नाही. तुमच्या मागच्या सोप्यात पाणी गळतं म्हणतेस, ते त्यामुळेच असेल. ते काम कुणाच्या नावावर घालायचं हे या कागदाच्या निमित्ताने बोलून घेता येईल.

दिरांवर संशय घेऊ नकोस, वाईट माणूस वाटत नाही. पण वाचल्याशिवाय सही करू नकोस. कागदाची प्रत मागून घे, नवऱ्याबरोबर बसून वाच, न कळलेल्या ओळींखाली रेघा मार. ‘चवथीआधी हवं’ असं म्हणाले तर चवथीनंतर देते म्हण. वकील कुणाकडे जायचं ते फोनवर सांगते, लिहून नको.

तुझी,
बाई