डार्क या नेटफ्लिक्सवरच्या जर्मन मालिकेच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर फक्त सहाच जण का? बाकीचे गेले कुठे?

गेले नाहीत, ते मूळ जगात, म्हणजे काळप्रवासाचा गोंधळ नसलेल्या जगात, जन्मलेच नाहीत. ज्यांचं घराणं काळाच्या गाठीतून, म्हणजे काळप्रवासामुळे स्वतःभोवतीच फिरणाऱ्या घटनाचक्रातून, आलंय ते सगळे पुसले गेले, म्हणजे उलरिक, त्याची मुलं, आणि शार्लट तर स्वतःच्याच मुलीची मुलगी, ती कशी उरणार! रेजिना मात्र वाचली कारण तिचा बाप गाठीतला ट्रॉन्टे (उलरिकचा बाप) नाही, बर्न्ड डॉप्लर आहे, हे तिसऱ्या सीझनमध्ये इतकं पटकन येतं की बऱ्याच जणांचं निसटतं. हाना, काथारीना, पीटर, बेनी, वोलर यांचाही गाठीशी रक्ताचा संबंध नाही म्हणून ते आहेत.

रेजिनाच्या नवऱ्याचं, अलेक्झांडरचं, मला खरंच वाईट वाटलं. तो काही गाठीतला नाही ना, मग तो का नाही? माझी थिअरी अशी की १९८६ मध्ये उलरिक आणि काथारीना रेजिनाला मारत होते तेव्हा तो मधे पडला आणि त्यांची ओळख झाली, आता उलरिकच नाही तर ती भेटच झाली नसणार.

२७ जून २०२० ला, म्हणजे मालिकेतल्या प्रलयाच्याच तारखेला, तिसरा सीझन आला तेव्हा लॉकडाऊनमध्ये कोथरूडच्या घरात मी आणि ताईने तो रात्रभर बघितला, आणि हाना पिवळा रेनकोट (पुसल्या गेलेल्या तिच्याच मुलाचा, योनासचा, असतो तसाच) बघून थबकते आणि पोटातल्या बाळाला योनास म्हणावंसं वाटतं म्हणते तिथे आम्ही दोघी रडलो.