लंडनमधली बांगलादेशी कुटुंबं इतकी वर्षं राहूनही तिथे मिसळत का नाहीत?

हाच प्रश्न आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांनी मला भर पंगतीत विचारला होता, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपलला भाड्याने राहायचो, खालच्या मजल्यावर सिल्हेटचं, म्हणजे बांगलादेशाच्या ईशान्य भागातलं कुटुंब (तिथले बहुतेक बांगलादेशी सिल्हेटचेच, ढाक्याचे थोडे). बायकोच्या बाळंतपणाला आई मालवणहून आली आणि पहिले काही दिवस नुसती खिडकीत बसून. एकदा जिन्यात सुक्या मासळीचा वास सुटला, बायकोने नाक दाबलं आणि आई वासाच्या मागावर थेट खाली! त्या घरातली बाई, आमची खाला (म्हणजे मावशी), किचनमध्ये जमिनीवर पेपर पसरून विळीवर मासा कापत होती, एक पाय विळीच्या पाटावर, अगदी आपल्याकडच्यासारखं. आई तिथेच फतकल मारून बसली ती संध्याकाळीच वर आली. ही मालवणी बोलणार, ती सिल्हेटी, अडलं की सिरियलमधलं हिंदी. पुढे बाळाला तेल लावायला खाला, दुधी आणायला बाजारात न्यायला खाला. मंडळातलं कोणी फिरकलं नाही, लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या हॅरोहून लांब पडतं म्हणे.

काकांचं म्हणणं, एवढी वर्षं राहून बाईला इंग्रजी येत नाही. अहो शिकणार कधी? नवरा रेस्टॉरंटच्या किचनमधून मध्यरात्रीनंतर घरी येणार, घरात चार पोरं, काउन्सिलची पत्रं मोठी मुलगी शाळेत असल्यापासून वाचून दाखवते, फॉर्मपण तीच भरते. आणि एकाच भागात दाटीने राहतात कारण सत्तरच्या दशकात त्या भागाबाहेर घर घेतलं की दगड यायचे खिडकीवर. 1978 च्या मे महिन्यात अल्ताब अली हा कपड्याच्या कारखान्यात काम करणारा पोरगा कामावरून घरी जाताना तिथेच रस्त्यात मारला गेला, व्हाइटचॅपल रोडवर त्याच्या नावाची बाग आहे. पुढची पिढी म्हणाल तर सातव्या वर्षी सिल्हेटकडून आलेल्या रुशनारा अली 2010 ला त्याच भागातून खासदार झाल्या, अजून किती मिसळायचं?

सगळं गोडगोड नाहीये हेही सांगतो, तीन खोल्यांत आठ माणसं आणि मुलीच्या लग्नावरून झालेला आरडाओरडा आम्ही वरून ऐकलाय. आणि हे फक्त पूर्व लंडनचं, इटलीत गेलेल्यांची गोष्ट वेगळी.

बाकी काकांनी साठी ज्या 'इंडियन' रेस्टॉरंटात केली त्याचा मालक आणि आचारी दोघेही सिल्हेटचे होते. काकू शेजारी होत्या म्हणून तेव्हा बोललो नाही.