एकाच छोट्या विषयावर वेबसाइट काढून बसल्या जागी कमाई होते का?

होते, पण पहिलं वर्ष-दोन वर्षं बसायला मिळणार नाही. विषय अगदी बारीक घ्या. आपल्या नागपूरकडचंच बघा: 'शेती' नको, 'संत्रा'ही मोठाच, संत्र्यावरचा डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, तो घ्या. काटोल-वरूडचा बागायतदार पावसाळ्याआधी मोबाइलवर शोधतो ते खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. हे फोटोंसकट नीट सांगणारं पान वर्षानुवर्षं चालतं. एरवी शुकशुकाट, तेही धरून चाला. गूगल ॲडसेन्समध्ये (पानावर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) १० डॉलर जमले की पत्ता तपासायला टपालाने पिन येतो, पैसे १०० डॉलरनंतरच. मराठी पानांना जाहिरातींचा दर इंग्रजीपेक्षा कमीच मिळतो, म्हणून नोकरी सोडू नका बाप्पा.